धुळीतले सोने, घरातला धूर

आठवीच्या वर्गात घनता शिकवताना मी कॅलिफोर्नियाचे उदाहरण देते. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे लाकूड कापण्याच्या गिरणीच्या चरात जेम्स मार्शल यांना सोन्याचे कण दिसले आणि पुढच्याच वर्षी जगभरातून लोक तिकडे धावले. परातीत वाळू घ्यायची, पाण्यात हेलकावे द्यायचे. सोने वाळूच्या सातपट जड असते. वाळू वाहून जाते, सोने तळाशी राहते.

"टीचर, हे तर माझे दादाजान करायचे!" एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला आणि पोराने मान खाली घातली.

पण तो खरे बोलत होता. जुन्नर-आंबेगावात कुकडी, मीना, घोड वाहतात. इथला खडक लाव्ह्याचा, त्यात सोने नाही. सोने होते ते सोनारांच्या पेढ्यांत. तिथला केर आणि भट्टीची राख विकत घेऊन धुणारे ते झारेकरी. कुठे त्यांना धूळधोये म्हणत. त्यांत मुस्लिम कुटुंबेही होती. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात सोनझरा लोक तर नदीचीच वाळू धूत.

हलाल मेहनतीची ही कमाई. तिच्यात हसण्यासारखे काय आहे? मी वर्गाला तेच विचारले.

मात्र दुसरी गोष्टही सांगायला हवी. अगदी बारीक कण धरण्यासाठी राखेत पारा घालतात, मग तो गोळा तापवून पारा उडवतात. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही येत नाही. ती मेंदू आणि मूत्रपिंडावर घाला घालते. लहान मुले आणि पोटातले बाळ यांना सर्वात जास्त धोका. कॅलिफोर्नियातही खाणवाल्यांनी वापरलेला पारा आजवर नद्यांत आहे. तिथल्या काही पाण्यातले मासे बेताने खा, असे सरकारच सांगते.

म्हणून ज्या घरी हे काम अजून चालते, त्यांना विनंती: स्वयंपाकाच्या चुलीवर किंवा बंद खोलीत पारा कधीच तापवू नका. मुलांना त्याला हात लावू देऊ नका. सांडलाच तर झाडूने झाडू नका, त्याने तो आणखी पसरतो. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा.

सोने सोनाराच्या तिजोरीत जाते. धूर मात्र आपल्याच घरात राहतो.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी परात आणायला सांगितली. वाळूत छर्रे मिसळून त्याने ते वेगळे करून दाखवले. या वेळी कोणी हसले नाही.