पायरी दिसली पाहिजे

पहाटे साडेपाच. कार्तिकस्नानाचे दिवस. नागपूरच्या भोसले दरबारातल्या श्रीधर नारायण मुन्शींनी बांधलेला काशीतला हा घाट एक आजी उतरताहेत आणि मी त्यांच्या दोन पायऱ्या मागे. डोळे तपासणं हे माझं काम, पण पायरीवर माणूस कसा बघतो ते दवाखान्यातल्या खुर्चीत कळत नाही. पुराचा गाळ पाणी मारून धुतला तरी सांदीत चिकट राहतोच. आजींना धास्ती त्या गाळाची. माझं लक्ष त्यांच्या चष्म्यावर. दोन नंबरांची काच. खालचा भाग पोथी वाचायचा, हातभर अंतराचा. उतरताना नजर नेमकी तिथूनच जाते आणि पायरीची कड पुसट होते. त्यात सगळा दगड एकाच रंगाचा.

साडेसहा. घाटाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे उतरणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन. मोतीबिंदू असला की ते डोळ्यात विखुरतं आणि समोर नुसता पांढरा झगझगाट. "पदर कपाळावर ओढा, आणि मान खाली घालून वरच्या काचेतून बघा," मी म्हटलं.

"मान काय कमी खाली घातली आयुष्यभर?" आजी.

साडेआठ. आजींचं घर गल्लीत, चौकाचं, जुनं. जिना चौकातून वर जातो आणि दिव्याचं बटण वरच्या टोकाला! म्हणजे चढताना अंधार, वर पोचल्यावर उजेड. आजींच्या खुब्याचं हाड मोडलं ते घाटावर नव्हे, याच जिन्यात, शेवटून दुसऱ्या पायरीवर. आता जमीन आली, असं वाटलं म्हणे.

मुलगा विचारतो, "दिवा तर आहे ना?" आहे, त्याला दिसण्याइतका. साठीत बाहुली आखडते, भिंग पिवळं पडतं. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच उरतो. म्हणून दिवा वाढवायचा, पण उघडा, डोळ्यांत घुसणारा नको. बटण दोन्ही टोकांना. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं पिवळा रंग. पायपुसणी उचलून टाकायची; ती सून गुपचूप परत घालते, हा अनुभव आहे.

अकरा. दवाखान्यात एक काका नवा चष्मा घेऊन हजर. जमीन वर आल्यासारखी दिसते म्हणतात. नंबर एकदम फार बदललाय. चांगला चष्मा म्हणजे पडणं कमी, हे आम्हीही धरून चालत होतो. सिडनीत सत्तरीपुढच्या 616 जणांवर अभ्यास झाला, 2007 साली छापला गेला. ज्यांचे डोळे तपासून नवे चष्मे वगैरे दिले, तीच मंडळी जास्त पडली. नव्या काचेतून अंतराचा अंदाज बदलतो आणि पायाला ते कळायला वेळ लागतो. त्यामुळे मी नंबर टप्प्याटप्प्याने वाढवते. एकदम स्वच्छ दिसण्याचा हट्ट रुग्ण धरतात, तो मोडावा लागतो. मोतीबिंदूचं उलट. तो पिकण्याची वाट बघू नये. नॉटिंगहॅमच्या 2005 च्या अभ्यासात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या स्त्रियांचं पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी घटलं होतं.

दुपार कागदपत्रांत गेली.

संध्याकाळी सात. दशाश्वमेध घाटावरची आरती संपली की म्हातारी माणसं झगझगीत दिव्यांतून थेट अंधाऱ्या गल्लीत शिरतात. म्हाताऱ्या डोळ्याला अंधार सरावायला वेळ लागतो. गल्लीच्या तोंडाशी भिंतीला हात लावून थोडं थांबावं, मग पाऊल टाकावं. मागची गर्दी थांबू देते का, हा प्रश्न वेगळाच.

नऊ. आजींच्या सुनेचा फोन. रात्री मोरीकडे जाताना मोठा दिवा लावला तर सगळ्यांची झोप मोडते. झिरोचा बल्ब लावा, पण उंचावर नको, गुडघ्याच्या खाली, वाटेवर पडेल असा. बटण आजींना खाटेवर बसल्या बसल्या हाताला लागलं पाहिजे. उद्या दहाला इलेक्ट्रिशियन येतोय. तो सवयीने दाराजवळच बसवणार, म्हणून जागेवर खडूची फुली मारून ठेवायला सांगितलंय.