सरळ दिसणारी वाट



गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्याची वाट कोणालाच विचारावी लागत नाही, टेकडी लांबूनच दिसते. जंगलाच्या बाजूच्या वस्त्यांवर जायचे म्हणजे मात्र वेगळे. तिथे रुळलेल्या, रुंद वाटा दिसतात आणि मध्येच नाल्यात संपतात. त्या गुरांनी पाडलेल्या असतात. मी नवीन असताना एका म्हाताऱ्या गोंड बाबांनी सांगितले, "खुरंच दिसतात, माणसाचं पाऊल दिसत नाही, ते वाट धरू नका."

नीतिसूत्रे 14:12 वाचताना मला हे बाबा आठवतात. माणसाला सरळ वाटणारी वाट शेवटी मृत्यूकडे नेते, असा त्या वचनाचा आशय आहे. तोच इशारा 16:25 मध्ये पुन्हा येतो. जाणूनबुजून पाप करणाऱ्याविषयी हे लिहिलेले नाही. आपण बरोबरच चाललो आहोत, अशी ज्याची खात्री आहे, त्याच्याविषयी आहे.

लोटाचे पाहा (उत्पत्ती 13). गुराख्यांचे भांडण झाले, तेव्हा वडीलधाऱ्या अब्रामाने आधी निवडण्याचा मान पुतण्याला दिला. लोटाने पाण्याने भरलेले यार्देनेचे खोरे पाहिले आणि तेच घेतले. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यानेही तेच घेतले असते! पण लोटाने काकाला, "तुम्हाला काय वाटते?" असे विचारल्याचे किंवा देवाकडे प्रार्थना केल्याचे तिथे लिहिलेले नाही. आधी त्याचे तंबू सदोमाच्या जवळ पडले. चौदाव्या अध्यायात तो सदोमातच राहतो आहे. एकोणिसाव्यात वेशीत बसलेला दिसतो, म्हणजे गावचाच झालेला. त्याच अध्यायात घरदार, जावई आणि बायको, सगळे गेले. नेमके कोणत्या दिवशी चुकले, हे त्याला तरी सांगता आले असते का?

आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. मोहाला मी नावे ठेवत नाही. मोहफूल हे गोंड घरातले अन्न आहे, औषध आहे, पूजेतही त्याला मान आहे. ते वेचण्याचा आणि विकण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने दिला आहे. पण आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि बंदीमुळेच चोरून विकलेल्या दारूला भाव येतो.

"भाऊ, पोरीची फी भराची होती. एकच खेप काढू म्हटलं," असे त्या घरचा माणूस मला सांगत होता. दुसऱ्या खेपेला गूळ उधार आला. उधारी फेडायला तिसरी काढली. मग सडव्याचा ड्रम पोलिसांना सापडला, केस झाली, वकिलासाठी बैलजोडी विकली. तोवर थोरला मुलगा स्वतःच प्यायला लागला होता.

मी म्हटले, "सुरू करण्याआधी कोणाला विचारलं होतं का?"

"कोणाले विचारू? विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं."

या उत्तराने मीच गप्प झालो. तीन वर्षांपूर्वी मी त्याच वस्तीत महिलांसाठी शिलाई मशिनी आणल्या होत्या. हेतू चांगला होता, प्रार्थनाही केली होती. बायांना मात्र विचारले नव्हते. त्यांना शेळ्या हव्या होत्या. मशिनी आज गंजत पडल्या आहेत. शहाणा माणूस सल्ला ऐकतो, असे नीतिसूत्रे 12:15 सांगते. मी ते इतरांना शिकवत होतो.

आता गुरुवारच्या बैठकीत कर्ज, उधारी, नवा धंदा, काहीही असो, आधी सगळ्यांसमोर बोलायचे, असे बायांनीच ठरवले आहे. माझ्या योजनाही तिथेच मांडाव्या लागतात. मागच्या महिन्यात एक नामंजूर झाली.

तो माणूसही येतो, दाराजवळ बसतो. यंदा त्याने मोहफूल वाळवून विकले. पैसे कमीच मिळाले. पोरगी शाळेत जाते. कोर्टाची पुढची तारीख पडली आहे, तेव्हा मी त्याच्यासोबत जाणार आहे.