जिंकलेले पानिपत आणि न मिळालेली खुर्ची

काळात मागेपुढे हिंडणारे विक्षिप्त प्रवासी आणि माणसाचे सोंग घेऊन वावरणारे परलोकवासी, हा सारा प्रकार साहेबाने आणला अशी आपली समजूत आहे. एच. जी. वेल्सने १८९५ साली आपल्या नायकाला कालयंत्रावर बसविले, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या पुराणांतला ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला होता. तिथे गाणे चालले होते, म्हणून घटकाभर थांबला. तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगे उलटली! योजलेली स्थळे तर सोडाच, त्यांचे नातूपणतूही उरले नाहीत. अखेर रेवती बलरामाला दिली, तर नवरी भलतीच उंच. बलरामाने नांगराच्या टोकाने ओढून तिला बेताची केली. आणि दमयंतीच्या स्वयंवरात नळाच्या रूपाने बसलेले चार देव? त्यांना घाम येत नव्हता, पापणी लवत नव्हती, पाय भुईला टेकत नव्हते. परग्रहवासी ओळखण्याची याहून चांगली लक्षणे साहेबालाही सुचलेली नाहीत.

अलीकडे हा धागा ज्यांनी पुढे नेला ते डॉ. जयंत नारळीकर जन्माने आपल्या कोल्हापूरचे. १९३८ साली ते इथे जन्मले आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्यास निवर्तले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःच वेषांतर केले. आद्याक्षरे उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली आणि पहिले बक्षीस पटकावले.

त्यांच्या कथांत मला सर्वांत लाडके ते इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेले हे गृहस्थ एका अपघाताने दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे पानिपत जिंकतात. गंगाधरपंतांच्या दृष्टीने आनंदीआनंदच! पण मैदानावर एक सभा दिसते, तीत अध्यक्षांची खुर्ची रिकामी. पंत जाऊन बसतात, बोलू लागतात. आणि अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती प्रथाच मोडून बसलेले श्रोते त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात.

हसून झाले की एक जागा मनात रुतून राहते. त्या जिंकलेल्या जगात पंत आपल्या मुलाची कचेरी शोधत जातात. तिथे चौकशी करतात. त्या नावाचा माणूसच तिथे नाही.

माझे आजोळ निपाणीचे. कोल्हापुराहून कागल, कोगनोळी, निपाणी आणि संकेश्वरावरून बेळगावला जाणाऱ्या रस्त्यावर ‘असे झाले असते तर’ हा खेळ घरोघर चालतो. या मुलखाला काळप्रवासासाठी यंत्र लागतच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जागचे न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्याच राज्याचे कर्नाटक झाले. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. उद्या एखादा काळप्रवासी निपाणीच्या स्टँडवर उतरून ‘हे कुठले राज्य?’ असे विचारू लागला, तर चहावाला म्हणेल, ‘पाव्हणं, तुम्ही आधी साल सांगा!’

तंबाखूच्या वखारीच्या ओट्यावर मामा मंडळींचा हा वाद मी पुष्कळ ऐकला आहे. रेषा चार कोस पलीकडे पडती तर? त्यांची तळमळ खरी होती आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण आपण जुन्या घराण्यांतली माणसे हा खेळ खेळताना एक लबाडी हळूच करतो. पलीकडच्या त्या सुखाच्या इतिहासात खुर्ची आपलीच, हे धरून चालतो. गंगाधरपंत सांगतात की तसे नाही. इतिहास बदलला की लग्ने बदलतात, बिऱ्हाडे बदलतात, ज्या पोरांना आपण मांडीवर घेतो ती जन्मालाच येत नाहीत. निपाणीच्या त्या ओट्याभोवती धावणारी, मराठीत भांडणारी आणि कानडीत उधारी मागणारी पोरे याच इतिहासाची आहेत. हक्काचे भांडण भांडावे, अवश्य भांडावे. पण ते या पोरांसाठी असावे, खुर्चीसाठी नव्हे.

एवढी गोष्ट कुणी सरळ भाषणात सांगितली असती तर आपण टोमॅटोच शोधले असते. विनोदाच्या पाठीवर बसून आली, म्हणून घरात घेतली. सीमाभागातल्या एखाद्या तरुण लेखकाने हे यंत्र आता निपाणीच्या स्टँडवर आणावे. उतारू तिथे भरपूर आहेत.