माजी सैनिकांतील व्रणयुक्त बृहदांत्रदाह आणि आतड्याचा कर्करोग

सैनिकाचा पाय रणांगणावर तुटला तर त्या हानीचे कारण शोधीत बसावे लागत नाही. परंतु सेवाकाळात ज्याला व्रणयुक्त बृहदांत्रदाह, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस जडला, त्याला पंचवीस वर्षांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, तर हा दुसरा रोग पहिल्याचाच परिणाम मानावयाचा काय? सेवेत जडलेल्या विकारातून पुढे उद्भवलेल्या विकारासही अमेरिकेतील कायद्याप्रमाणे भरपाई मिळते. त्यामुळे तेथील माजी सैनिकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही.

या दोन रोगांचा संबंध क्रोन व रोझेनबर्ग यांनी 1925 साली नोंदविला. दाहामुळे आतड्याच्या अंतस्त्वचेतील पेशी नष्ट होतात व त्यांच्या जागी पुनःपुन्हा नव्या पेशी निर्माण होतात. या अखंड घडामोडीत जनुकीय दोष साचत जातात. सामान्य आंत्रकर्करोगाची पूर्वावस्था बहुधा मोडासारख्या गाठीच्या रूपाने दिसते. येथे मात्र ती पुष्कळदा सपाट त्वचेतच दडलेली असते. मॉर्सन व पँग यांनी 1967 साली गुदाशयातील ऊतींचे सूक्ष्मदर्शकाने परीक्षण करून ही पूर्वावस्था ओळखता येते असे दाखविले, आणि रोग्यांवर नियमित देखरेख ठेवण्याची कल्पना तेथून रुजली.

धोका किती, याविषयीचे आकडे मात्र सावधपणे वाचावयास हवेत. ईडन व सहकाऱ्यांनी 2001 साली अनेक अभ्यासांचे एकत्रीकरण करून दहा वर्षांत 2, वीस वर्षांत 8 व तीस वर्षांत 18 टक्के असा अंदाज दिला. परंतु विशेष रुग्णालयांत कठीण रोगीच अधिक येतात. तेथील अनुभवावरून काढलेला अंदाज फुगणारच. संपूर्ण लोकसंख्येवर आधारलेल्या अभ्यासांचे 2012 साली एकत्रीकरण झाले, तेव्हा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे 2.4 पट आढळला. एकबॉम यांच्या 1990 मधील स्वीडिश अभ्यासात रोग केवळ गुदाशयापुरता असता 1.7 पट, डाव्या भागात असता 2.8 पट, आणि सर्व बृहदांत्र व्यापले असता 14.8 पट धोका दिसला. आमच्या मते सरासरीपेक्षा हा भेदच महत्त्वाचा होय.

सैनिकांच्या नोंदींचे मोल येथे कळते. 1944 साली अमेरिकी सैन्यात या रोगाने पीडित झालेल्यांचा ॲचेसन व नेफ्झगर यांनी तुलनेसाठी निवडलेल्या इतर सैनिकांसह पाठपुरावा केला व 1963 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नागरी रुग्णालयात रोगाचा आरंभ रोग्याच्या स्मृतीवरून ठरवावा लागतो. सैन्यात तो पुष्कळदा कागदावर आढळतो.

आता भरपाईकडे वळू. पुरावा दोन्ही बाजूंनी जवळजवळ समतोल असल्यास संशयाचा लाभ सैनिकास द्यावा, असा तेथील नियम आहे. धोका दुप्पट असेल तर रोगाधीन गटातील निम्मे कर्करोग त्या रोगाच्या खाती जातात. या हिशेबाने 14.8 पटीस सुमारे 93 टक्के, 2.8 पटीस 64 टक्के, तर 1.7 पटीस 41 टक्के एवढा वाटा येतो. अर्थात हा वाटा गटाचा आहे. तो एका व्यक्तीच्या बाबतीत जसाच्या तसा लावणे तर्कशुद्ध नव्हे, कारण दाहामुळे कर्करोग केवळ लवकर उद्भवला असेल तर तेही या हिशेबात दिसत नाही; शिवाय पित्तनलिकांचा काठिण्यकारी दाह जोडीला असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून ‘या रोगाने कर्करोग होऊ शकतो’ एवढेच वैद्यकीय मत निरुपयोगी ठरते. दाहाचा आरंभ कोणत्या वर्षी झाला, आतड्याचा किती भाग व्यापला होता, आणि कर्करोग त्याच भागात उद्भवला काय, हे त्या मतात लिहिलेले असले पाहिजे.