अंगमेहनतीलाही वस्ताद हवा

पहाटे पाचला पालीच्या शिवारातून महामार्गाकडे नजर टाका. अंधारात पोरं पळताना दिसतील. कोणी अनवाणी, कोणी थोरल्या भावाच्या जुन्या बुटात. पोलिसात नाही तर सैन्यात लागायचं आणि घरचा कोयता सोडवायचा, एवढीच आशा. पण जाहिरात निघाल्यावर पळायला लागायचं, आठ दिवसांत अंग मोडून घ्यायचं आणि ऐन भरतीला नडगी धरून बसायचं, असं बऱ्याच जणांचं होतं.

माझंच सांगतो. दिवसभर मोटारसायकलवर शिवारफेरी, त्यामुळे पस्तिशीतच पोट सुटलं. एके दिवशी मनावर घेतलं आणि एकदम रोज पाच किलोमीटर पळू लागलो. दहाव्या दिवशी गुडघा सुजला. शेवटी ओळखीच्या एका निवृत्त जवानाला गाठलं. ते म्हणाले, "साहेब, आम्हाला माती परीक्षण करा म्हणता, अन् स्वतःचं न तपासताच खत टाकलं व्हय?" त्यांनी पहिले दोन आठवडे मला नुसतं चालवलं. मग थोडं पळणं, थोडं चालणं. रोजची नोंद वहीत. तीन महिन्यांनी मी न थांबता पाच किलोमीटर पळालो, गुडघा न दुखता.

आपल्याच जिल्ह्याकडे बघा. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे हे शेतकऱ्याचे पुत्र. सैन्यात असताना ते क्रॉस कंट्री शर्यती पळत. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांची चाल हेरून त्यांना तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाटोद्याचे राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली घडले आणि २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. दोघांच्याही मेहनतीला जाणत्याची नजर होती.

"आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" असं कोणी म्हणेल. खुरपणी, वेचणीत तेच ते स्नायू वापरले जातात, कंबर आखडते. त्यातून पळण्याचा दम येत नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. शिवाय दोघांनाही १०० मीटर धाव आणि गोळाफेक. एकूण ५० गुण. म्हणजे दम, वेग आणि ताकद तिन्ही लागतात, आणि त्यांचा मेळ शिकवणाराच घालू शकतो.

तेव्हा एवढं पाळा :

१) सुरुवातीला चाला, मग पळा. अंतर आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवा.

२) डांबरी रस्ता टाळा. मऊ माती पायाला बरी, आणि ट्रकचा धोकाही नाही.

३) आठवड्यातून एक दिवस विश्रांती. जमीन पडीक ठेवल्यावर सुधारते, तसंच अंगाचं आहे.

४) दुखणं अंगावर काढू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. चाळिशीपुढच्यांनी आधी तपासून घ्यावं.

५) दमाचं म्हणून कोणी इंजेक्शन देऊ केलं तर हात जोडा. तणनाशक २,४-डी उडून आलं की कपाशीची पानं कशी आखडतात, ते आठवा.

सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही विनंती. जिम बांधायची गरज नाही. गायरानात किंवा शाळेच्या मैदानावर जागा पाहा, टेपने मोजून गोल पट्टा आखा. ४०० मीटरचा बसला तर चार फेऱ्यांत १६०० मीटर होतात. जागा कमी असेल तर २०० मीटरचा आखून आठ फेऱ्या घ्या. गावातला निवृत्त जवान किंवा जुना पहिलवान शोधा आणि ग्रामसभेत त्याला मानाने ही जबाबदारी द्या. मुलींसाठी वेळ ठरवून एखादी जाणती बाई सोबत ठेवा.

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. पोरांच्या दोन-तीन वर्षांच्या मेहनतीसाठी एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे?