बंद अ‍ॅम्प, उघडी जवारी

मीरा रोडच्या शांतीनगरात किंवा भाईंदरच्या नवघर रोडवर रात्री अकरानंतर इलेक्ट्रिक गिटार वाजते ती बहुधा वायर न जोडताच. घर वन बीएचके, हॉलमध्ये आजोबा आडवे झालेले, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. अशा वेळी अ‍ॅम्पचं बटण दाबायची कोणाची हिंमत? कॉलेजातला मुलगा पलंगाच्या कडेला बसून नुसत्याच तारा छेडतो आणि त्याला जे ऐकू येतं ते पुष्कळदा जिवावर येणारं असतं. खालच्या तारेची घरघर, वरच्या तारेचा पत्र्यासारखा टिणटिणाट, मध्येच कुठून तरी उमटणारी खडखड. पहिले काही महिने तो आपल्या बोटांनाच दोष देतो. मग सराव कमी होतो, गिटार पिशवीत जाते आणि पिशवी कपाटावर.

यातल्या कितीतरी वेळा दोष बोटांचा नसतो, वाद्याचा असतो. तो सापडतो, आणि बहुतेकदा थोडक्यात दुरुस्तही होतो. मात्र त्यासाठी नवा अ‍ॅम्प, नवे पिकअप, नवा पेडल अशी खरेदीची माळ लावण्याआधी वाद्याचा उघडा आवाज कान देऊन ऐकावा लागतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भोपळा नसलेला तंबोरा. तारेचं कंपन मोठं करून हवेत सोडणारी पेटीच तिला नाही, त्यामुळे तिचा आवाज बारीक, कोरडा, टोकदार असणारच. अमेरिकेत १९३२ साली रिकनबॅकरची तळण्याच्या तव्यासारखी दिसणारी गिटार विक्रीला आली, तेव्हापासून लोखंडी तारेचं कंपन चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्यांनी, म्हणजे पिकअपने, टिपायचं हे तंत्र रूढ झालं. लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणून पाहिल्या आणि लोकांना ती गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या गिटारीचे पंख जोडले. पुढे १९५० नंतर लिओ फेंडरच्या कारखान्यातून भरीव गिटारी मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. १९५४ची स्ट्रॅटोकास्टर ही त्यातली सर्वांत जास्त नकलली गेलेली. मीरा-भाईंदरच्या क्लासमधून दिसणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी बऱ्याच तिच्याच साच्यातल्या.

म्हणजे आवाज लहान असणं हा दोष नव्हे. तो लहान असूनही स्वच्छ आहे का आणि पुरेसा वेळ टिकतो का, हे पाहायचं. पिकअपला कळते ती फक्त तारेची हालचाल. तार लवकर दमली, फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटली, टोकाशी नीट टेकली नाही, तर जे हरवलं ते कुठलाही अ‍ॅम्प परत आणू शकत नाही. उलट, आतल्या स्प्रिंगा किंवा सैल स्क्रू खडखडत असतील तर तो आवाज अ‍ॅम्पमधून सहसा येतच नाही. तो रात्रीच्या शांततेतला त्रास. या दोन जाती वेगळ्या ओळखल्या की अर्धं निदान झालं.

आपल्याकडे हे कान शिकवणारं एक गाव आहे, मिरज. तिथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग बनावटीकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांनी सतार-तंबोऱ्याची अख्खी पेठ उभी केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून बनणाऱ्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मिरजेच्या कारागिराची कसोटी भोपळ्यात नाही, जवारीत, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घडणीत, लागते. घोडीचा माथा तो कानसने आणि पॉलिश पेपरने इतक्या हलक्या उताराचा करतो, की कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. वर सुताचा धागा तारेखाली केसभर पुढेमागे सरकवला की आवाज उघडतो आणि खर्जातून स्वयंभू गंधार निघू लागतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीवर लिहिलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यावर मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं कारण घोडीच्या त्या उतारात शोधलं. तंबोऱ्याचा सगळा प्राण असलेली ही झणझण गिटारीच्या नटवर अपघाताने उमटली की तोच आजार ठरतो. गंमत म्हणजे इंग्रजी बोलणारे गिटार दुरुस्त करणारेही या दोषाला सतारीचंच नाव देतात. आणि १९६७ साली न्यूयॉर्कचे वादक विनी बेल यांच्या कल्पनेतून कोरल इलेक्ट्रिक सितार नावाची गिटार निघाली, तिच्यात तर मुद्दाम पसरट घोडी बसवून ही झणझण विकली गेली.

तेव्हा निदानाची सुरुवात नटपासून करावी. नट म्हणजे मानेच्या टोकाला असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची खाचा पाडलेली पट्टी. मोकळी तार झणझणते, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवताच आवाज निवळतो, असं असेल तर संशय नटवरच. खाच नीट असेल तर तिचा तळ खुंट्यांच्या बाजूला उतरता असतो आणि तार फ्रेटबोर्डाकडच्या अगदी कडेवर टेकते. स्वस्त वाद्यांत तळ सपाट राहतो किंवा उलटा उतरतो; मग तार त्यावर घासते आणि नको तिथे जवारी लागते. दुसरी शक्यता, खाच खोल गेल्यामुळे तार पहिल्या फ्रेटला शिवते.

खात्री करायची युक्ती तंबोऱ्याच्या सुतासारखीच, फक्त हेतू उलटा. तार थोडी सैल करून खाचेत कागदाचा चिमुकला तुकडा घालावा आणि तार परत सुरात आणावी. घरघर थांबली तर रोगी सापडला. कागद हा काही इलाज नव्हे, तो आवाज बोदा करतो. तात्पुरती डागडुजी म्हणून खाचेत खाण्याचा सोडा भरून वर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडतात. क्षणात दगडासारखं कडक होतं आणि मग बारीक कानसने नवी खाच पाडता येते. हे काम मात्र पहिल्यांदा जाणत्याच्या हातून करून घ्यावं. खाच केसभर जास्त कापली गेली की पुन्हा पहिल्या पायरीवर.

नटइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तार, आणि इथे मीरा-भाईंदरची हवा मध्ये येते. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची मिठागरं. या शहरात खिडकीचे गज आणि सायकलची साखळी जिथे टिकत नाही, तिथे एक मिलिमीटरच्या चतुर्थांशाहून बारीक पोलादी तार काय टिकणार! जाड तारांना पोलादी गाभ्याभोवती निकेलचा मुलामा दिलेली तार गुंडाळलेली असते. घामातला आणि हवेतला खार त्या वेढ्यांत शिरतो, मुलामा जिथे उडतो तिथे गंज धरतो, बोटांची मृत त्वचा वेढे बुजवून टाकते. तारेची जाडी जागोजागी वेगळी झाली की तिचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. सूर लावला तरी बेसूर वाटतं आणि आवाज ओल्या दोरीसारखा पडतो.

तपासायला सोपं आहे. नखाचं टोक तारेच्या खालच्या बाजूने फिरवावं. फ्रेटवर दबून पडलेल्या खाचा हाताला लागतात. पांढऱ्या सुती कापडाने तार पुसावी; काळपट-तांबूस रेघ उठली तर बाकीचं निदान थांबवून आधी तारा बदलाव्यात. जुन्या तारांवर गिटार जोखणं म्हणजे गंजलेल्या वजनांनी सोनं तोलणं. तारा महाग वाटतात हे खरं. पण वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने दोन मिनिटं पुसण्याला खर्च नाही, आणि आवरण दिलेल्या तारा या हवेत जास्त दिवस जातात.

फ्रेटचीही अशीच गोष्ट. बहुतेक गिटारींचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे नावात चांदी आणि अंगात तांबं, जस्त, निकेल. मराठी घरात हाच धातू जर्मन सिल्व्हर म्हणून माहीत आहे. तो मऊ असल्याने तारेखाली खड्डे पडतात. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट त्याहून कडक, जवळजवळ न झिजणारे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाईंदरमध्ये तो धातू कोणाला नव्याने सांगायला नको. एखादा फ्रेट उंच राहिला असेल तर त्याच्या आधीच्या जागी बोट ठेवताच तार त्यावर आपटते. लहान स्टीलची पट्टी एका वेळी तीन फ्रेटवर आडवी धरावी. ती सीसॉसारखी डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. कधी कधी तो फक्त खाचेतून वर आलेला असतो आणि लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकला तरी बसतो.

मान वाकणं हा पावसाळ्याचा विषय. गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मागतात, आणि जुलै-ऑगस्टात मुंबईच्या किनाऱ्यावर ती सहज ८० टक्क्यांपुढे जाते. लाकूड आडवं फुगतं, लांबीला फारसं नाही. मागून पॉलिश केलेली मान आणि पुढची उघडी शिसवी पट्टी हे पाणी वेगवेगळ्या वेगाने पितात. मग मान पुढे किंवा मागे झुकते; प्रत्येक वाद्याचा स्वभाव वेगळा. ती शिसवी पट्टीही आपल्या घाटातली. भारतीय शिसव जगभरच्या गिटारींवर असते. २०१७ साली शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा बड्या कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

झुकाव मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट पाहावी. साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट चांगली. फट अजिबात नसेल तर खालच्या फ्रेटवर घरघर होणारच. मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. गिब्सन कंपनीला तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. तिचा स्क्रू एका वेळी चतुर्थांश फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि अडला तर जोर लावू नये. तुटलेली सळई बदलणं हे नवी मान घेण्याइतकं खर्चिक.

घरघर नाही, खडखड असेल तर कान वाद्याच्या शिंगाला, म्हणजे वरच्या टोकदार भागाला लावावा. हाड लाकडाला टेकलं की रात्रीच्या शांततेत आवाज थेट डोक्यात येतो आणि कुठून येतोय ते कळतं. मग एकेक सुटा भाग बोटाने दाबून तार छेडायची: खुंट्यांच्या चकत्या, सॅडलचे उंचीचे इवले स्क्रू, प्लास्टिकचं झाकण. स्ट्रॅटसारख्या गिटारीत मागच्या बाजूला ट्रेमोलोच्या तीन ते पाच स्प्रिंगा असतात. त्या तार थांबल्यावरही गुणगुणत राहतात. त्यांच्याखाली फोमचा तुकडा सरकवला की शांत होतात. नट आणि खुंट्यांच्या मधली तारही अशीच गुणगुणते, तिच्यावर केस बांधायचा रबर पुरतो.

एक दोष भल्याभल्यांना चकवतो. वरच्या फ्रेटवर जाड तार वाजवली की एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात, थरथरत, अ‍ॅम्प बंद असतानाही. इथे ना नट दोषी ना मान. पिकअपचे चुंबक तारेच्या फार जवळ आले आहेत आणि तिला ओढताहेत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत सुमारे दोन मिलिमीटर अंतर ठेवलं की सूर पुन्हा एक होतो. फक्त पेचकस लागतो.

आणि काही जागा मुक्याच राहतात. एखाद्या ठरावीक फ्रेटवर सूर इतरांपेक्षा लवकर विझतो, तारा नव्या, फ्रेट सपाट असूनही. जर्मनीतले हेल्मुट फ्लाइशर आणि टिलमान त्स्विकर यांनी १९९०च्या दशकात गिटारींची कंपनं मोजून दाखवलं, की मान स्वतःच त्या विशिष्ट स्वराला डोलते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. मानेच्या डोक्याला छोटासा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की ती मुकी जागा सरकते. जात नाही. तो लाकडाचा स्वभाव आहे, आणि घरी बसून सोडवण्याची ती गोष्ट नाही, हे नवख्या वादकाला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

नट आणि फ्रेटचं काम घरी न जमणाऱ्यांसाठी भाईंदरहून चर्चगेट लोकल आहेच. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावला चालत गेलं की १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे. दुरुस्तीला वाद्य कुठेही द्यावं, पण देताना 'आवाज बरोबर नाही' एवढंच न सांगता कोणती तार, मोकळी की दाबलेली, कितव्या फ्रेटवर, अ‍ॅम्पमधून येतो की नाही, हे कागदावर लिहून न्यावं. कारागिराचा निम्मा वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकालाही आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं.

पाऊस सरेल तेव्हा हवेतला ओलावा उतरू लागलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरची पिशवी खाली येईल. लाकूड आकसल्यामुळे फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचतील, मानेचा झुकाव जूनमधल्यापेक्षा वेगळा असेल. नव्या तारा चढवाव्यात, सूर लावून गिटार रात्रभर तशीच ठेवावी, आणि सकाळी घर जागं व्हायच्या आत सहाही तारा एकेक करून, वायर न जोडता, विझेपर्यंत ऐकाव्यात.