थीम अपडेट झाली, तरी बदल टिकावेत

वर्डप्रेसवरील संकेतस्थळाचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, त्यामुळे थीमच्या अपडेटने त्याला धक्का लागत नाही. थीमची नवी आवृत्ती येते तेव्हा मात्र जुने फोल्डर काढून नवे बसवले जाते, आणि त्यातील फाइलींत हाताने केलेले बदल पुसले जातात.

मराठी संकेतस्थळांना याचा फटका जास्त बसतो. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. त्यांतील ओळींचे अंतर देवनागरीला अपुरे पडते. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना भिडतात. शीर्षकात अक्षरे लांब लांब ठेवली असतील, तर शिरोरेषाच तुटते. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या एखाद्या शाळेने हे दुरुस्त केले, मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' फॉन्ट बसवला, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आठवणींसाठी खास पान रचले आणि हे सारे मूळ थीममध्येच लिहिले, तर पहिल्याच अपडेटला ती मेहनत वाया जाते. या भीतीने अपडेटच बंद ठेवणे सर्वांत घातक, कारण जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या त्रुटी एव्हाना जगजाहीर झालेल्या असतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे चाइल्ड थीम. वेगळे फोल्डर करायचे, त्यात स्टाइलशीट ठेवायची आणि तिच्या माथ्यावर मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहायचे. मग चाइल्ड थीममधला साचा (टेम्प्लेट फाइल) त्याच नावाच्या मूळ साच्याऐवजी वापरला जातो. फंक्शन्सची फाइल मात्र मूळ फाइलीची जागा घेत नाही, तिच्या आधी चालते. साचे चाइल्ड थीममध्ये उचलण्यातही एक धोका आहे: मूळ साच्यात पुढे झालेली दुरुस्ती उचललेल्या साच्यात येत नाही. म्हणून साचे मोजकेच उचलावेत आणि प्रत्येक अपडेटनंतर मुळाशी ताडून पाहावेत. जानेवारी २०२२ मधील ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीमही वापरता येतात. साइट एडिटरमधून त्यांत केलेले बदल डेटाबेसमध्ये साठतात, त्यामुळे थीमच्या अपडेटनंतरही राहतात.

सरकारी संकेतस्थळांचे वेगळे असते. उदाहरणार्थ, लातूर जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या सामायिक व्यासपीठावर आहे. तिथे ठरावीक थीममधून निवड करायची असते आणि देखभाल केंद्रीय पातळीवर होते. खासगी शाळेला किंवा संस्थेला ही काळजी स्वतःच घ्यावी लागते. अपडेटपूर्वी फाइली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत काढावी, अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर करून पाहावे आणि मोबाइलवर मराठी पाने उघडून मात्रा, उकार तपासावेत.